'द एन्शंट गॉड्स'मध्ये कोणती गन आधी अपग्रेड करावी?

तुम्ही लिहिलंय की 'डूम एटर्नल' हा राक्षसांशी लढायचा शूटर गेम संपवून त्याची पुरवणी असलेल्या 'द एन्शंट गॉड्स'चा पहिला भाग सुरू केलाय, पण सुरुवातीच्याच लढायांत गोळ्या संपतात, तेव्हा कोणती गन निवडावी आणि आधी काय अपग्रेड करावं.

अपग्रेड करायला काही शिल्लकच नाही. मूळ गेममध्ये गन सुधारायला मिळणारे वेपन पॉइंट आणि मॉड (गनला लावायची जोडणी) देणारे मॉडबॉट इथे नाहीत. पहिल्या लेव्हलला, युएसी अटलांटिकावर, उतरता तेव्हाच सगळ्या गन आणि त्यांचे मॉड पूर्ण अपग्रेड होऊन हातात असतात. त्यामुळे मेनूत शोधाशोध करू नका. निवड करायची आहे ती लढाई चालू असताना, आणि तीही दर दोन-तीन सेकंदांनी.

गोळ्या संपतात कारण बहुतेकांप्रमाणे तुम्हीही सुपर शॉटगनवर विसंबून असाल, असा माझा अंदाज. पूर्ण अपग्रेडनंतरही शेल फक्त 24 मावतात आणि सुपर शॉटगन एका बारात दोन खाते, म्हणजे बारा बारांत खेळ खलास. वर कॉम्बॅट शॉटगनही त्याच साठ्यातून खाते. हेवी कॅनन आणि चेनगन एकाच बुलेटवर चालतात, प्लाझ्मा रायफल आणि बॅलिस्टा एकाच सेलवर. बॅलिस्टाचा एक बार 25 सेलचा आणि कमाल साठा 250चा. एका शॉटगनवरून दुसऱ्या शॉटगनवर जाणं म्हणजे डाव्या खिशातलं नाणं उजव्या खिशात टाकणं. गन बदलताना गोळीचा प्रकारही बदलला पाहिजे. चेनसॉने राक्षस कापला की गोळ्या मिळतात. तिच्या इंधनाचं एक खण आपोआप भरतं, ते अडवून ठेवू नका. मोठे राक्षस असताना किरकोळ झॉम्बी सगळे मारून टाकू नका, तेच तुमचं गोळ्यांचं कोठार आहे.

दुसरी गोष्ट झटपट अदलाबदल. बॅलिस्टाचा बार झाल्यावर ती परत तयार व्हायला वेळ लागतो, पण तेवढ्यात गन बदलली तर तो वेळ वाट बघण्यात जात नाही. बॅलिस्टा, सुपर शॉटगन, हेवी कॅननचा प्रिसिजन बोल्ट, पुन्हा बॅलिस्टा, हे चक्र बोटांत बसलं की मोठे राक्षस चुटकीसरशी पडतात. कीबोर्डवर असाल तर या तिन्ही गन चालण्याच्या बटणांजवळच्या बटणांवर आणा. अंकांच्या ओळीत बोट पोचेपर्यंत बॅरन अंगावर आलेला असतो. कंट्रोलरवर वेपन व्हीलचं बटण नुसतं टॅप केलं की आधीची गन हातात येते, ही सोय अनेकांना ठाऊकच नसते.

आता मॉड. मूळ गेममध्ये प्लाझ्मा रायफलचा मायक्रोवेव्ह बीम जवळजवळ कुणीच वापरत नव्हतं (मला तर तो निव्वळ जागा अडवणारा वाटायचा). इथे तोच लावून ठेवा. नवीन आलेला स्पिरिट दुसऱ्या राक्षसात शिरून त्याला चपळ आणि चिवट करतो. ते शरीर पडलं की स्पिरिट बाहेर येतो आणि थोड्याच वेळात दुसरं शरीर शोधतो. त्या फटीत फक्त मायक्रोवेव्ह बीमच त्याला मारू शकतो. बीम चालू असताना तुम्ही रेंगाळता, म्हणून आधी आजूबाजूची गर्दी कमी करा आणि झपाटलेल्या राक्षसाला शेवटी पाडा.

ब्लड मेकर या कवचवाल्या शत्रूवर एरवी गोळ्या वाया जातात. तो हल्ला करायला कवच खाली घेतो तेव्हाच डोक्यात प्रिसिजन बोल्ट किंवा बॅलिस्टा. टरेट नावाचा डोळा टक लावून बघितलं की आत दडतो, त्यामुळे नजर दुसरीकडे ठेवायची आणि झटकन वळून प्रिसिजन बोल्ट सोडायचा. थोडक्यात, हेवी कॅननचा दुसरा मॉड, मायक्रो मिसाइल, लावण्याची वेळ इथे क्वचितच येते. बाकीच्या मॉडमध्ये आपापल्या आवडीने जा. मी चेनगनवर एनर्जी शील्ड आणि रॉकेट लाँचरवर लॉक-ऑन ठेवतो.

दुसऱ्या भागात गणित थोडं बदलतं. स्टोन इम्प या राक्षसावर बाकीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, त्याच्यासाठी कॉम्बॅट शॉटगनवर फुल ऑटो हवा. चिलखती बॅरनचं कवच प्लाझ्माने फुटतं, किंवा त्याचा गदेसारखा हात हिरवा चमकला की नेमका तिथे बार टाकायचा. कर्स्ड प्रॉवलरने शाप दिला तर ब्लड पंचनेच (भरून वापरायचा जोरदार ठोसा) त्याला मारावं लागतं, म्हणून एक पंच कायम भरलेला ठेवा. आणि स्क्रीचर मेला की आसपासचे सगळे राक्षस चेकाळतात. तो गर्दीत दिसला की रॉकेट लाँचर बाजूला ठेवायचा, कारण स्फोटाला आपला-परका कळत नाही.

खऱ्या अर्थाने कमवायच्या गोष्टी दोनच. पहिल्या भागात स्लेयर गेट (ऐच्छिक, अवघड लढाई) जिंकून मिळणारे सपोर्ट रून, म्हणजे खास क्षमता, त्यातला एका वेळी एकच लावता येतो. ज्याने तुम्हाला मारलं त्याला मारलं की एक्स्ट्रा लाइफ परत देणारा 'टेक बॅक' नवख्याला बरा वाटतो, पण मला कमकुवत भाग फुटला की स्फोट करणारा 'ब्रेक ब्लास्ट' जास्त उपयोगी पडला. रेव्हेनंट आणि मॅनक्युबस या राक्षसांच्या तोफा (त्यांचे कमकुवत भाग) तुम्ही तशाही फोडणारच असता. दुसऱ्या भागात सेंटिनेल हॅमर मिळतो. तो ग्लोरी किल (अर्धमेल्या राक्षसाला जवळून संपवणं) आणि कमकुवत भाग फोडण्याने भरतो, त्यामुळे जपून ठेवण्यात अर्थ नाही. आधी आइस बॉम्ब टाकून गोठवलेल्या घोळक्यावर हाणला तर हेल्थ जास्त मिळते, पेटवलेल्यांवर हाणला तर आर्मर. त्याचे अपग्रेड एस्कलेशन एन्काउंटर या ऐच्छिक लढायांमधून येतात, पहिल्यांदा समोर आला की सोडू नका.

हे सगळं करूनही एखादा अरिना अडलाच तर डिफिकल्टी मध्येच कमी करता येते, त्यासाठी लेव्हल पहिल्यापासून खेळावी लागत नाही.