उंबरा

पुणे

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लांबलचक मेसेजमध्ये एक वाक्य तीनदा आलंय, ‘एमबीबीएस हुकलं म्हणून फिजिओ.’ आमच्या फिजिओथेरपीच्या बॅचमध्येही ते होतं, फक्त तेव्हा ‘नीट’ परीक्षा नव्हती. खटकलं ते पुढचं. इंटर्नशिप संपली की जर्मनी, नाहीतर एमबीए, नाहीतर सरळ क्लिनिक. इतकं सगळं लिहिलंस, पण आजवर पाहिलेल्या एकाही पेशंटचा त्यात उल्लेख नाही.

मी इंटर्न असताना पक्षाघाताचे एक आजोबा माझ्याकडे होते. आधी पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या दांड्या धरून, उभे राहिले, मग काठी घेऊन गुळगुळीत फरशीवर वीस पावलं चालू लागले. फाइलवर ‘इंडिपेंडंट’ लिहून मी खूश. महिन्याभराने त्यांच्या घरी गेले, सदाशिव पेठेतला जुना वाडा. आजोबा कॉटवरच. खोलीला वीतभर उंच उंबरा, आणि तो ओलांडायला मी शिकवलंच नव्हतं. संडास पार दुसऱ्या टोकाला. त्यात घरचे त्यांना लुळ्या हाताला धरून उठवत होते. पक्षाघातानंतर खांदा धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात, हात ओढला की सांधा खाली सरकतो. आजोबा कळवळत होते. कमरेला आधार देऊन कसं उठवायचं, हे सुनेला दाखवायला मला दहा मिनिटं लागली असती.

तेव्हापासून सांधा किती वाकतो ते मोजायचा गोनिओमीटर काढायच्या आधी विचारते, घरात पायऱ्या किती, संडास कसला, पूजेला मांडी घालून बसायचंय का? लोक आपल्याला ‘शेकवाले’ म्हणतात आणि आपण चिडतो. पण आयएफटी, म्हणजे दुखण्यावरचं विजेचं मशीन, लावून पंधरा मिनिटं मोबाइल बघत बसलेलाच त्यांनी पाहिला असेल, तर दुसरं काय म्हणतील?

देशातलं आपलं पहिलं विद्यालय १९५३ साली मुंबईत केईएममध्ये निघालं, पोलिओच्या साथीनंतर. तेव्हा हा कुणाचा हुकलेला नंबर नव्हता. अधू झालेली मुलं चालती करायला माणसं हवी होती. खडकीला कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, परवानगी काढून एकदा जाऊन ये.

पगाराचं खोटं सांगणार नाही. सुरुवातीला हॉस्पिटलात इतका कमी मिळतो की मामाने विचारलं तर विषय बदलावा लागतो. होम व्हिजिटने हात सैल होतो, पण कोथरूड करून हडपसर गाठायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच. एकाच भागातले पेशंट धर. क्लिनिकसाठी वडिलांना इतक्यात कर्ज काढायला लावू नकोस. जर्मनीला जायचं तर खुशाल जा, भाषेचा क्लास मात्र आत्ताच लाव. (नावापुढे ‘डॉ.’ लावायचं की नाही, त्या भांडणात मला ओढू नकोस.)

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. माझ्या एक पेशंट काकू आहेत, उजवा गुडघा बदललेला. त्यांना पर्वती चढून दर्शन घ्यायचंय. पायऱ्या १०३, गेल्या खेपेला साठाव्या पायरीवरून परतलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे त्यांना तूच सांग. माझं त्या ऐकत नाहीत.

तुझी,
ताई