युरोपात गिऱ्हाईक असेल तर कोणतं अ‍ॅनालिटिक्स टूल घ्यावं?

तुम्ही विचारलंय, ‘कंपनी पुण्यात, पण माल जर्मनी-फ्रान्सला विकतो, जीडीपीआर लागू होतो का आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स चालेल का?’

जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा युरोपचा कायदा, लागू होतो. तिथल्या लोकांना माल विकता ना, मग कंपनी कुठली हे बघत नाहीत.

गूगल अ‍ॅनालिटिक्सवर (साइटवर कोण येतं, काय बघतं हे मोजणारं गूगलचं टूल) सरसकट बंदी नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी माहिती अमेरिकेत जाते म्हणून त्याचा वापर बेकायदा ठरवला होता. जुलै २०२३ च्या नव्या युरोप-अमेरिका करारानंतर ती अडचण बरीच सुटली. पण याआधीचे असे दोन करार युरोपीय न्यायालयाने रद्द केलेत, त्यामुळे मी तरी त्यावर विसंबणार नाही. शिवाय कुकीसाठी (साइट बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी छोटी फाइल) आधी संमती लागतेच, आणि ‘नको’ म्हणणारे आकड्यांतून गळतात.

छोट्या साइटला प्लॉझिबल हे साधं अ‍ॅनालिटिक्स टूल पुरे. कंपनी एस्टोनियाची, कुकीच नाही. खोलात जायचं असेल तर मातोमो हे दुसरं टूल स्वतःच्या सर्व्हरवर टाका. फ्रान्सच्या नियामकाच्या अटींप्रमाणे सेटिंग केलं तर तिथे संमतीतूनही सूट मिळते. जर्मनीत मात्र ही सूट गृहीत धरू नका.

आणि हो, फेसबुक पिक्सेल (साइट बघणाऱ्यांची माहिती फेसबुकला पाठवणारा कोडचा तुकडा) तसाच ठेवलात तर हा सगळा खटाटोप पाण्यात!