सहा वर्षांच्या मुलीला जपानी पुराणकथा सांगायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

इनाबा या प्रांतातल्या सशापासून. इझानागी-इझानामी या देव-देवीच्या जोडप्याची सृष्टिकथा आधी येते खरी, पण तिच्यात कुजलेलं प्रेत आणि पाताळातला पाठलाग आहे, ती मोठेपणी.

ससा मुलांना लगेच आवडतो. समुद्र ओलांडायला तो शार्कना (काही पुस्तकांत मगरींना) म्हणतो, "रांगेत या, मोजतो." त्यांच्या पाठींवरून उड्या मारत जातो आणि काठ येता येता बढाई मारतो, "कसं फसवलं!" शेवटचा शार्क त्याची कातडी सोलतो. तुम्ही 'केस उपटले' म्हणा, बिघडत नाही. मग ओकुनिनुशी या देवाचे दुष्ट भाऊ सशाला खाऱ्या पाण्यात अंघोळ करायला लावतात, आग आणखी वाढते. मागून त्यांचं ओझं वाहत येणारा ओकुनिनुशी मात्र गोड्या पाण्यानं धुऊन पाणकणसाच्या (पाणथळ जागी वाढणारी वनस्पती) परागांत लोळायला सांगतो, आणि ससा बरा होतो. हा तपशील गाळू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

पुढची गोष्ट गुहेत लपलेल्या सूर्यदेवी अमातेरासूची. 712 सालच्या 'कोजिकी' या पुराणग्रंथात तिचा भाऊ सुसानोओ विणकामाच्या दालनात सोललेला घोडा फेकतो, म्हणून ती लपते. मी 'धुडगूस घातला' एवढंच म्हणतो. तिला बाहेर काढण्यासाठी उझुमे देवीनं केलेला नाच, देवांचं खो खो हसणं आणि बाहेर टांगलेला आरसा मात्र रंगवून, हातवारे करून सांगा.