पितळी पार्ट घासणारं व्हायब्रेटर मशीन खडखडतंय? आधी हे बघ

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात पितळी फिटिंग पॉलिश करायची, तर व्हायब्रेटरी मशीन रोज तासन्‌तास चालणार, झिजणारच. म्हणून नवीन घ्यायची घाई करू नकोस.

आधी प्लग काढ. मग भांडं रिकामं करून उचल आणि मोटरचा शाफ्ट हाताने फिरव. खरखर लागली किंवा शाफ्ट आडवा हलला, तर बेअरिंग गेलं. त्यावर नंबर कोरलेला असतो, तो वाचूनच नवीन आण. ६२०२ चं भोक १५ मिमी, ६२०३ चं १७, अंदाजाने आणलंस तर फेरी फुकट. आणि रबर सीलवालंच माग. बेअरिंगला नुसतं पत्र्याचं झाकण असेल, तर पॉलिशसाठी भांड्यात घातलेला मक्याच्या कणसाचा भुसा त्यात जातो, मग तेच रडगाणं पुन्हा.

शाफ्टवरचं एकांगी वजन (ज्याच्यामुळे मशीन थरथरतं) सैल झालं असेल तर स्क्रू घट्ट कर, पण त्याची जागा हलवू नकोस. नाहीतर माल भांड्यात गोल फिरायचा थांबतो. भांड्याखालची स्प्रिंग एकच तुटली तरी सगळा सेट बदल.

मोटर जळली तर रिवाइंडिंगचा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचा, भाव विचार. भांड्याचं अस्तरही फाटलं असेल, तर मात्र नवीन मशीन परवडतं.

अजून एक, आणि हे मनावर घे. फ्री-कटिंग, म्हणजे मशीनवर सहज कापलं जाणाऱ्या, पितळेत साधारण ३ टक्के शिसं असतं, आणि शिसं विषारी. घासताना ते भुशात उतरतं. भुसा बदलताना मास्क लाव, जेवणाआधी हात साबणाने धू, आणि तो भुसा झाडूने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पूस.