गिटार खरखरतेय? आधी कुठे खरखरतेय ते बघा

प्रश्न: दादा, माझी स्ट्रॅट टाइप (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटार आहे, आत्तापर्यंत काहीच त्रास नव्हता. बेंड करताना (तार बोटाने बाजूला ओढताना) बोटं दुखतात म्हणून दहाचा सेट काढून त्याहून बारीक तारांचा नऊचा टाकला आणि त्याच दिवसापासून जाड ई आणि ए या दोन तारा पहिल्या पाच फ्रेटपर्यंत (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नुसत्या खर्रर्र करतात. एका ठिकाणी दाखवली तर म्हणाले फ्रेट्स गेलेत, सगळे बदलावे लागतील. बाबा म्हणतात एवढ्या खर्चात नवीनच घे. खरंच गेलेत का?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: अरे थांब, पैसे काढू नकोस अजून. फ्रेट्स एका दुपारीत झिजत नाहीत. काल नीट वाजत होती, आज तारा बदलल्या आणि आजच बझ, म्हणजे ही खरखर, आला, मग संशय कोणावर घ्यायचा ते उघड आहे ना.

हिशोब बघ. नेहमीच्या ट्यूनिंगला दहाचा सेट सगळ्या तारा मिळून नेकला (दांडीला) साधारण ४७ किलोने ओढतो आणि नऊचा ३८-३९ किलोने, म्हणजे आठेक किलोची ओढ एकदम कमी झाली पण नेकच्या आतला ट्रस रॉड (तारांच्या ओढीला तोलून धरणारी सळई) अजून जुन्या ओढीच्या हिशोबानेच आवळलेला आहे, मग नेक जास्त सरळ होतो, कधी कधी उलटा मागे पण वाकतो, आणि तारेला थरथरायला मध्ये जी थोडी पोकळी लागते (रिलीफ म्हणतात ती) तीच नाहीशी होते. पहिल्या पाच फ्रेटवर बझ हे त्याचंच लक्षण.

पण पाना हातात घ्यायच्या आधी गिटार ॲम्पला लाव आणि ऐक. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली की थोडी खरखर बहुतेक सगळ्यांची येते, ॲम्पमधून ऐकू येत नसेल आणि सूर मध्येच मरत नसेल तर सोडून दे. निम्मे लोक इथेच बरे होतात.

येतेय? मग मोज. ट्यून करून पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, जाड ई सतराव्या फ्रेटला दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट आहे बघ. साधारण ०.२५ मिमी हवी. तुझे बाबा सातपूर-अंबडला एमआयडीसीत कुठे असतील तर त्यांना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काय ते सांगायची गरज नाही, नाहीतर बाइकच्या गॅरेजमध्ये मिळतो तोच. आणि तेही नको असेल तर काढलेला दहाचा सेट शोध, त्यातली सगळ्यात बारीक तार बरोबर ०.२५ मिमीची असते. ती फटीत सरकवून बघ. जातच नसेल तर नेक जास्त सरळ झालाय, सापडलं.

आता ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या उलट दिशेला अष्टमांश फेरा, फार तर पाव. परत ट्यून कर, परत मोज. ॲलन की अगदी फिट बसणारीच घे, बऱ्याच आशियाई गिटारना ४ मिमीची लागते आणि अमेरिकन फेंडरना १/८ इंचाची, ढिली की घालून फिरवलीस तर नटची भोकं गोल होतात आणि मग खरंच खर्च येतो. जोर लावावा लागला तर थांबायचं, हट्ट नको. नेक कधी कधी रात्रभरात अजून थोडा हलतो, म्हणून सकाळी परत एकदा बघ.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ट्रेमोलो, दांडा दाबून सूर हलवता येणारा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग). तुझा ब्रिज तरंगता असेल तर मागच्या स्प्रिंग्जना समोरून ओढणाऱ्या तारा आता हलक्या झाल्यात, त्यामुळे ब्रिज मागे बॉडीवर बसला असेल आणि सगळ्या तारा आपोआप खाली आल्या असतील. मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या क्लॉचे (स्प्रिंग्ज अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू थोडे ढिले कर आणि परत ट्यून कर, फेंडरच्या हिशोबाने ब्रिजच्या मागच्या कडेखाली ३.२ मिमी फट हवी. नेक आणि ब्रिज झाले की मगच ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, सतराव्या फ्रेटला १.६ मिमी. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) आधी वर करू नकोस. बझ जाईल पण वाजवायला गिटार जड होईल आणि मूळ दुखणं तसंच राहील.

एवढं करूनही राहिला तर कुठे आहे ते बघ. फक्त मोकळ्या तारेला आणि कुठेही बोट ठेवलं की गायब, तर दोष नटचा, म्हणजे ट्रस रॉडच्या नव्हे, नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात त्या नटचा. तिसऱ्या फ्रेटला तार दाबून पहिल्या फ्रेटवर केसाएवढी तरी फट दिसते का बघ, काहीच नसेल तर खाच खोल गेलीय. खाचेचा तळ सपाट झाला असेल तर तार त्यावर घासून सतारीसारखी वाजते, मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जी जवारी मुद्दाम काढतात ती इथे फुकटात मिळते आणि नको असते. बेकिंग सोडा आणि सुपरग्लूने खाच भरून परत कोरता येते, पण ती तात्पुरती सोय, नवीन नट बसवणं बरं.

एकाच जागी बझ असेल तर पुढचा फ्रेट उंच झालाय. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड एकदम तीनच फ्रेट्सवर बसेल एवढी कापून ठेव, डुगडुगली तर मधला उंच. तो कधी नुसता सुटून वर आलेला असतो, बोटाने दाबला की आवाज बदलतो, मग लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचा आणि कडेने पातळ सुपरग्लू. बसलेलाच असून उंच असेल तर लेव्हल करून डोकं गोल करावं लागतं, ते जाणकाराकडेच दे. सगळे फ्रेट्स बदलायची गोष्ट मात्र तारेखाली खोल खड्डे दिसायला लागल्यावर.

प्रश्न: नमस्कार. लेकीची गिटार कपाटात होती, मे महिन्यात काढली तर नेकच्या कडेला फ्रेटची टोकं तिच्या हाताला टोचतात. खराब झाली का?
(एक पालक, पंचवटी)

उत्तर: नाही हो ताई. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आक्रसतं, धातू आक्रसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात बरीचशी आत जातात. दरवर्षी त्रास होत असेल तर टोकं घासून घ्या, छोटं काम आहे. फक्त एखादं टोक वर उचललेलं नाही ना तेवढं बघा, त्याने बझ येतो.

प्रश्न: सर, बाराव्या फ्रेटच्या पुढे बारीक तारा बेंड केल्या की सूर एकदम बंद पडतो. सरळ वाजवल्या तर ठीक.
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: तुमचा फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) जुन्या पद्धतीचा, म्हणजे सव्वासात इंच रेडियसचा (गोलाईची त्रिज्या) असेल. तो जास्त गोल असतो, त्यामुळे बारीक तार बेंडमध्ये मधल्या उंचवट्यावर चढते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. बारीक तारांचे सॅडल थोडे वर करा, सतराव्या फ्रेटला १.६ मिमीच्या खाली नको, आणि जाड बाजूला २ मिमी चालेल. तरी मरत असेल तर वरच्या फ्रेट्सचं लेव्हलिंग (घासून एका उंचीला आणणं) करून घ्यावं लागेल.