सायकल लेन हवी, पण कुणाच्या जागेतून?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच भांडणाची आहेत: मुख्य रस्त्यावर सायकल लेन आखायची की नाही. दोन्ही बाजूंनी लोकांनी मनापासून लिहिलंय. रस्त्यांची आखणी हे माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे या विषयात मला ठाम मत आहे आणि ते आधीच सांगते. लेन व्हायला हवी. पण नुसता रंग मारून, चौकाच्या अलीकडे तोडून, कुणालाच न दुखावता ती करायची असेल, तर त्यापेक्षा न केलेली बरी.

*

ताई, मुख्य रस्त्यावर माझं दुकान आहे. लेनसाठी समोरचं पार्किंग काढणार आहेत. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. सायकलवर येणारा माणूस कितीसा माल नेणार? आम्ही व्यापाऱ्यांनी विरोधाचं निवेदन तयार केलंय. आमचं काय चुकलं?
– एक दुकानदार

पोटाचा प्रश्न आहे आणि तुम्ही तो मांडलात, त्यात चूक काही नाही. पण तुमचं गिऱ्हाईक दुकानापर्यंत येतं कसं, हे निवेदनावर सही करण्याआधी तपासलंत का?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 साली बाजाराच्या रस्त्यांवर एक पाहणी झाली. शंभरातली किती गिऱ्हाइकं गाडीने येतात, असं दुकानदारांना विचारलं. त्यांचा अंदाज होता 41. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं, तर निघाली 22. निम्म्याहून अधिक माणसं चालत येत होती. दुकानदार खोटं बोलत नव्हते. गाडीने आलेला माणूस ‘जागाच मिळेना हो’ म्हणत आत शिरतो आणि ते कानात राहतं. चालत आलेला माणूस आपण कसे आलो हे सांगत बसत नाही.

मी पार्किंगच्या पुष्कळ पाहण्या केल्या आहेत. दुकानं उघडायच्या आधी वही घेऊन उभं राहायचं आणि दर अर्ध्या तासाने प्रत्येक जागेवरच्या गाडीचा नंबर टिपायचा, अशी ती साधी पद्धत. संध्याकाळी वही चाळली की दिसतं, काही नंबर सकाळपासून हललेलेच नाहीत. चौकशी केली की त्यातल्या बऱ्याच गाड्या दुकानातल्याच कुणाच्या तरी निघतात. दिवसभर एकाच गाडीने अडवलेली जागा गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नसते. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. तुमच्या संघटनेने एक दिवस ही वही स्वतः भरावी, एवढंच म्हणते. कुणी बाहेरून येऊन आकडे सांगितले तर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि तो बसू नये हेही योग्यच.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने 1977 साली मध्यवस्तीचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्या भागात गाडीने थेट जायचं नाही, बाहेरच्या रस्त्याने फिरून जायचं; सायकल आणि पायी माणूस मात्र सरळ जाणार. तिथल्या व्यापाऱ्यांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. आराखडा तरीही अमलात आला आणि टिकला. आज त्या शहराचं नाव सायकलीसाठी घेतलं जातं आणि मध्यवस्तीतला बाजार चालू आहे.

तुमची एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे आणि तिच्यासाठी भांडा. माल उतरवायला जागा लागतेच. लेन आखताना ती विसरली, तर मालाची गाडी लेनमध्येच उभी राहणार आणि मग रोज तुमची आणि सायकलवाल्यांची जुंपणार. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी मालगाडीसाठी राखीव जागा, तिच्या ठरलेल्या वेळा, आणि काम किती दिवस चालेल याचं लेखी वेळापत्रक, एवढं निवेदनात घाला. रस्ता महिनोन्‌महिने खोदून ठेवला की दुकानदाराचं नुकसान होतं. ते लेनमुळे झालं की कामाच्या ढिसाळपणामुळे, हा फरक त्याला समजावत बसण्यात अर्थ नाही.

*

आमच्या रस्त्यावर सायकली दिसतच नाहीत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांसाठी सगळ्यांची जागा का अडवायची?
– रोज गाडीने कामावर जाणारा

रस्त्यावर आज जे दिसतात, त्यांच्यासाठी लेन नसतेच मुळी. ते रहदारीतूनही वाट काढतात.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात सायकल-वाहतुकीचं काम पाहणाऱ्या रॉजर गेलर यांनी तिथल्या लोकांची ढोबळ विभागणी केली होती. कशाचीही पर्वा न करता सायकल चालवणारे शंभरात एखादे. थोडी सोय असली तरी पुरे म्हणणारे सात. काही झालं तरी सायकलवर बसणार नाही असे साधारण तेहतीस. उरलेल्या साठेक लोकांना चालवायची आहे, पण भीती वाटते. लेन या साठांसाठी असते. ते आज तुमच्या रस्त्यावर दिसत नाहीत, कारण ते गाडीत बसलेले आहेत. कदाचित तुमच्याच पुढच्या गाडीत.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण तिथे सायकलची म्हणावी अशी सवयच नव्हती. 2006 पासून थोड्याच काळात त्यांनी सुमारे 80 किलोमीटरचे वेगळे, एकमेकांना जोडलेले सायकल-मार्ग बांधले. त्यातली बरीच जागा पार्किंगची होती. दिवसाच्या सायकल-फेऱ्या काही वर्षांत सहा-सात हजारांवरून साठ-सत्तर हजारांच्या घरात गेल्या. लोकांचा स्वभाव बदलला नव्हता, रस्ता बदलला होता.

आणि ‘अडवलेल्या’ जागेविषयी. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे. तिच्या मार्गदर्शिकेनुसार साधारण तीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून गाड्या चालल्या तर तासाला 600 ते 1600 माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या दुतर्फा सायकल-मार्गावरून साडेसात हजारांपर्यंत जाऊ शकतात. सायकल-मार्ग लांबून रिकामा दिसतो, कारण त्यावर गर्दी साचत नाही.

*

ताई, लेन व्हावी म्हणून मी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. लेन झाली, म्हणजे पांढरी रेघ आणि सायकलचं चित्र. आता तिच्यावर गाड्या उभ्या असतात. मुलगी अकरा वर्षांची आहे, सायकलने शाळेत जायचं म्हणते. पत्नी म्हणते, अजिबात पाठवायचं नाही. ज्यांच्याकडून सह्या घेतल्या ते विचारतात, कुठे आहे तुमची लेन? काय सांगू?
– एक वडील

तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. आहे त्या स्थितीत मुलीला पाठवू नका.

हे लिहिताना मला राग येतोय, तुमच्यावर नाही, त्या रेघेवर. रेघ कुणाला थांबवत नाही. तिच्यावर गाडी उभी राहिली की सायकलवरचं मूल वळसा घेऊन थेट मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात येतं. म्हणजे लेन नसती तर ते जितकं सरळ गेलं असतं, तितकंही आता जाता येत नाही. उभ्या गाड्यांना लागून आखलेल्या रेघेचा आणखी एक धोका आहे. गाडीचा दरवाजा उघडला की सुमारे मीटरभर बाहेर येतो. दीड मीटरच्या लेनमधला मीटर असा दरवाजानेच खाल्ला, तर मुलीने जायचं कुठून?

गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तीसच्या वेगाची आणि साठच्या वेगाची धडक यांत एवढा फरक आहे. म्हणून जिथे गाड्या सावकाश चालतात, त्या आतल्या गल्ल्यांमध्ये लेनची गरजच नसते. वेग तीसच्या आत ठेवला की मुलं रस्त्यावरूनच नीट जातात. मुख्य रस्त्यावर मात्र रंग पुरत नाही, मध्ये काहीतरी ठोस लागतं: कडेचा दगड, उंचवटा, खांब, झाडांच्या कुंड्या. किंवा उभ्या गाड्यांचीच भिंत. न्यूयॉर्कच्या नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवर 2007 साली हेच केलं. सायकल-मार्ग फुटपाथला लागून, मग दरवाजा उघडण्यापुरती मोकळी पट्टी, मग उभ्या गाड्या, आणि त्यांच्या पलीकडे रहदारी.

आता चौक. लेनचा खरा कस तिथे लागतो, आणि नेमकी तिथेच ती संपवलेली असते. आखणी करणाऱ्याला चौकात जागा जुळवणं अवघड जातं, म्हणून तो अलीकडेच रेघ थांबवतो आणि पुढचं सायकलवाल्याच्या नशिबावर सोडतो. मोठा ट्रक वळताना त्याच्या बाजूला अगदी जवळ असलेली सायकल ड्रायव्हरला दिसतच नाही. त्यावर उपाय आहेत आणि ते वर्षानुवर्षं वापरात आहेत. कोपरा आत न कापता पुढे आणायचा, म्हणजे गाडीला वळताना वेग कमी करावाच लागतो. सायकल जिथे रस्ता ओलांडते ती जागा एका गाडीच्या लांबीइतकी मागे घ्यायची, म्हणजे वळलेल्या ड्रायव्हरला सायकल काचेतून समोर दिसते. सायकलींची थांबायची रेघ गाड्यांच्या पुढे ठेवायची. आणि जिथे वळणारी वाहनं फार, तिथे सायकलला वेगळा सिग्नल द्यायचा.

नेदरलँड्समध्येही हे आपोआप आलं नाही. 1971 साली तिथे रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नाव होतं ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांची हत्या थांबवा. त्याच दशकात हेग आणि टिलबर्ग या शहरांमध्ये एकेक नमुनेदार सायकल-मार्ग बांधले गेले. त्या मार्गांवर सायकली वाढल्या, पण शहरातलं एकूण सायकल चालवणं फारसं वाढलं नाही. पुढे डेल्फ्टमध्ये एकाच रस्त्याऐवजी सगळ्या शहराचं जाळं विणलं, तेव्हा चित्र पालटलं.

तुमच्या शेजाऱ्यांना हेच सांगा: तुम्ही सह्या मागितल्या त्या वेगळ्या मार्गासाठी, आणि तो अजून झालेला नाही. पुढच्या निवेदनात फक्त ‘सायकल लेन’ लिहू नका. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंतची एकच वाट घ्या, तिच्यावरचा प्रत्येक चौक नावाने लिहा, आणि प्रत्येक चौकात काय हवं ते लिहा. मोघम मागणीला रेघ मारून उत्तर देता येतं, अशा मागणीला देता येत नाही.

*

मला दिसत नाही. पांढरी काठी घेऊन चालतो. आमच्याकडे लेन फुटपाथवरूनच काढायचं चाललंय. सायकलचा आवाज येत नाही. मी विरोध केला तर लोक म्हणतात, तुम्ही पर्यावरणाच्या आड येताय.
– एक पादचारी

तुम्ही कुणाच्याही आड येत नाही आहात. या विरोधात मी तुमच्या बाजूने आहे.

फुटपाथवर रेघ मारून अर्धा भाग सायकलला देणं म्हणजे गाड्यांना धक्का न लावता दोन दुर्बळांना आपसांत झुंजवणं. लेनची जागा रस्त्यातूनच घ्यायला हवी. कोपनहेगनमध्ये सायकल-मार्ग रस्त्यापेक्षा थोडा वर आणि फुटपाथपेक्षा थोडा खाली असतो. दोन्हीकडच्या कडा काठीला लागतात. बसथांब्याकडे विशेष लक्ष द्या. बसमधून उतरलेला माणूस थेट सायकल-मार्गावर पडणार असेल, तर ती आखणी घातक आहे. मध्ये उभं राहण्यापुरता रुंद चौथरा हवा, ओलांडायची जागा एकच ठरलेली आणि फुटपाथच्या उंचीला आणलेली हवी, आणि तिथे पायाला कळेल अशी खडबडीत फरशी हवी. नकाशा मंजूर होण्याआधी तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी काही जण तो रस्ता प्रत्यक्ष चालून दाखवा, असा आग्रह धरा. उद्घाटनानंतर बोलावलं तर त्याचा उपयोग नाही.

*

रुग्णवाहिका अडकली तर जबाबदार कोण?
– एक वाचक

रुग्णवाहिका अडकते ती गाड्यांच्या रांगेत. तीन मीटर किंवा त्याहून रुंद, टोकाला लोखंडी खांब न ठोकलेला सायकल-मार्ग असेल तर तिला त्यावरूनच पुढे जाता येतं, कारण सायकलवाले चटकन बाजूला होतात. अग्निशमन दलाला नकाशाच्या वेळीच बोलवा. खडूने आखून त्यांची सगळ्यात मोठी गाडी प्रत्येक वळणावरून फिरवून बघा.

*

आमच्या रहिवासी मंडळाची सभा उधळली गेली. अर्धे सायकलवाले, अर्धे गाडीवाले. सचिव म्हणून पुढची सभा मला घ्यायची आहे. कशी घेऊ?
– एक सचिव

सभागृहात घेऊ नका, रस्त्यावर घ्या. मोजपट्टी, खडू, आणि रोज तिथून जाणारी दहा-पंधरा माणसं. लेन कुठून कुठे येते ते खडूने काढलं की ‘रस्ताच बंद होणार’ म्हणणाऱ्यालाही किती उरतं ते दिसतं, आणि ‘कुणाचंच काही जाणार नाही’ म्हणणाऱ्यालाही काय जातं ते दिसतं. माझा अनुभव असा की निम्मं भांडण मापं माहीत नसल्यामुळे असतं. उरलेलं निम्मं खरं असतं आणि ते पार्किंगचं असतं. ते तसंच म्हणा. किती जागा जाणार, कुठल्या दारासमोरच्या जाणार, हे पहिल्याच दिवशी उघड सांगा. लपवलेला आकडा शेवटी बाहेर पडतो आणि मग चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो.

मग हलवता येतील अशा कुंड्या आणि खांब लावून चाचणी घ्या. काय मोजायचं हे मात्र सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ठरवा: सायकली, गाड्यांना लागणारा वेळ, अपघात, दुकानांतली गिऱ्हाइकं. टोरांटोत ब्लूर रस्त्यावर 2016 साली अशीच चाचणी झाली. आधी आणि नंतर मोजणी झाली, दुकानांकडे येणारे लोक वाढल्याचं दिसलं, आणि 2017 मध्ये नगर परिषदेने मोठ्या बहुमताने लेन कायम केली. तरीही 2024 मध्ये प्रांतिक सरकारने त्या लेन काढण्याचा कायदा केलाच. तेव्हा एका सभेत वाद संपेल ही अपेक्षा ठेवू नका. मोजणीच्या नोंदी जपून ठेवा, पुन्हा लागतील.

आणि चाचणी सुट्टीच्या दिवसांत उरकू नका. शाळा भरलेल्या असतानाचे आणि पावसातले आठवडे तिच्यात आलेच पाहिजेत.