आप्तभाव चाचणी जुळली नाही, तर नोकरी जाते का?

प्रश्न : मी ठाकर जमातीची. जिल्हा परिषदेत निवड झाली, पण नियुक्ती वैधता प्रमाणपत्राच्या अटीवर आहे. दोन पिढ्या आम्ही नाशिक शहरात राहतो. जमातीचे दावे तपासणाऱ्या पडताळणी समितीच्या दक्षता पथकाने आप्तभाव चाचणीत, म्हणजे जमातीच्या चालीरीतींशी नाते जुळते का हे पाहताना, कुलदैवत, लग्नविधी, बोली विचारली. उत्तरे जुळत नाहीत असा अहवाल देऊन समितीने नोटीस काढली. आजोबांच्या 1944 च्या शाळेच्या नोंदीत 'ठाकर' आहे. सख्ख्या चुलत्यांकडे वैधता आहे.

उत्तर : तेवढ्यावरून जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 रोजी ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही. शहरात वाढलेल्या मुलीला जुने विधी पाठ नसणार, हे न्यायालयांना कळते. म्हणून उत्तरात आता पुस्तकातल्या चालीरीती भरू नका. जबाबाशी विसंगती दिसली की तीच तुमच्यावर उलटते. 'शहरात वाढले, एवढेच माहीत आहे' हे सरळ लिहा.

खरा भर कागदावर. 2000 च्या जातप्रमाणपत्र कायद्याच्या कलम 8 नुसार सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची आहे. आजोबांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत काढा. नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही, कारण पथक मूळ नोंदवहीच तपासते. शाई वेगळी, खाडाखोड किंवा मागाहून घुसवलेला शब्द दिसला तर तो पुरावा बुडाला. 6 सप्टेंबर 1950 पूर्वीची, म्हणजे अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघण्याआधीची, नोंद सर्वांत वजनदार. कोणी 'ठाकूर' लिहिले, कोणी 'ठाकर', तरी घाबरू नका. दोन्ही नावे महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 44 व्या क्रमांकावर एकत्र आहेत.

चुलत्यांच्या वैधतेचा आदेश जोडा आणि त्यांची फाइल मागवावी असा लेखी अर्ज समितीला द्या. त्यांची वैधता रीतसर चौकशीनंतर मिळाली असेल तरच ती तुम्हाला उपयोगी पडते. नाते वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राने दाखवा. भावकीतल्या एखाद्याच्या नोंदीत दुसरी जात असेल तर लपवू नका, ती व्यक्ती कोणत्या शाखेतली ते लिहा.

नोटिशीवरची मुदत पाळा, आवक शिक्क्याची पोच घ्या. ती पोच जोडून जिल्हा परिषदेकडे मुदतवाढ मागा, म्हणजे तुमचे प्रकरण समितीकडे प्रलंबित आहे हे त्यांच्या फाइलवर राहील. दावा फेटाळला गेला तर अपील नाही. अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात रिट करावी लागते. तिथे पहिल्याच दिवशी स्थगिती मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर अवैध दाव्यावरची नोकरी सहानुभूतीने वाचत नाही आणि आदेश पोचताच कार्यालय सेवासमाप्तीची कारवाई सुरू करते.